गोव्याहून वाळवंटात गाडीने: मार्ग शेवटाकडून ठरवा

पणजी ते जैसलमेर हे अंतर नेहमीच्या मार्गाने साडेसोळाशे ते सतराशे किलोमीटर भरतं. फोनवरचा नकाशा त्यातला मिनिटांनी सर्वांत लहान रस्ता पुढे करतो आणि बहुतेक जण तोच धरतात. शेवटचे दीडशे किलोमीटर अंधारात पडतील का, रस्त्यावर उंट येतील का, तुम्हाला वाळू पाहायची आहे की मीठ, यातलं काहीच त्या नकाशाला ठाऊक नसतं. गोव्याकडून पुढे पुढे आखत गेलं की पहिले दोन दिवस छान बसतात आणि सगळी ओढाताण शेवटी, म्हणजे नेमकी वाळवंटात येते. म्हणून आखणी उलटी करावी. आधी वाळवंट, मग महिना, मग शेवटचा टप्पा, आणि म्हापशाहून बाहेर कुठून पडायचं हे सगळ्यांत शेवटी.

आधी वाळवंट ठरवा

गाडीने जाण्याजोगी वाळवंटं दोन. कच्छचं रण हे मिठाचं, सपाट, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारं. थर हे वाळूचं, पण सगळीकडे सिनेमात दिसतात तशा टेकड्या नसतात. बराचसा भाग खडकाळ माळ, खेजडीची झाडं आणि खुरटी झुडपं असाच आहे. वाळूचे खरे ढिगारे पाहायचे तर जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम, नाहीतर नैर्ऋत्येला खुरी. समला तंबूंची आणि लाउडस्पीकरची जत्रा असते. खुरी त्यामानाने शांत. माझं मत खुरीच्या बाजूने.

हातात आठ-नऊ दिवस असतील तर दोन्ही वाळवंटं एकत्र करू नका. कच्छ गोव्याला दोन-अडीचशे किलोमीटरने जवळ आहे आणि तिथले रस्ते सोपे आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर, कच्छच धरावं. बारा-तेरा दिवस असतील तर जैसलमेर निवांत होतं. दोन्ही हवीत तर पंधरवडा मोकळा ठेवा.

महिना: चवथीची सुट्टी यासाठी नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. मार्चच्या मध्यापासून दुपार तापायला लागते, आणि मे महिन्यात तिकडे कशाला जायचं? फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती, आणि फलोदी आपल्या वाटेवरचंच गाव आहे.

गोव्यात मोठी सुट्टी म्हणजे चवथ, त्यामुळे तेव्हा जाण्याचा मोह होतो. तो आवरा. एक तर त्या दिवसांत रणात पाणी असतं. दुसरं असं, की भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून पोकरणजवळच्या रामदेवऱ्याला बाबा रामदेवांची मोठी यात्रा भरते. जोधपूर-पोकरण रस्त्याच्या कडेने हजारो पदयात्री रात्रंदिवस चालत असतात. पंढरीच्या वाटेवर आषाढात जशी गाडी घालवत नाही, तसंच ते.

नाताळात सगळा देश गोव्यात येतो म्हणून आपण तिकडे पळावं, हा विचार चांगला आहे, पण जैसलमेरही तेव्हा गच्च भरलेलं असतं आणि तंबूंचे दर वाट्टेल तसे चढतात. शाळेचं बंधन नसेल तर फेब्रुवारी उत्तम. माघी पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव असतो. पांढरं रण पाहायचं असेल तर कुठलीही पौर्णिमा गाठा, मात्र मुक्काम आधी ठरवून ठेवा.

एक गोष्ट आखणीत हमखास सुटते. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आणि उत्तरेला आहे. डिसेंबरअखेर तिथे साडेसातच्या सुमारास उजाडतं आणि सहाला सूर्य मावळतो. म्हणजे उजेड साडेदहा तासांचा. त्यातून चहा-जेवण वजा केलं की गाडी चालवायला आठ तास उरतात. शेवटच्या टप्प्याचं गणित या आठ तासांत बसवायचं आहे.

शेवटचा टप्पा: अहमदाबादच्या पुढे

अहमदाबादला सरदार पटेल रिंग रोडवर पोचलात की चार फाटे समोर असतात. आखणीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच.

*बाडमेरमार्गे सरळ जैसलमेर.* मेहसाणा, पालनपूर, मग धानेरा किंवा थराद करत सांचोर, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ६८ ने बाडमेर, शिव, देवीकोट, जैसलमेर. अहमदाबादपासून सुमारे सव्वापाचशे ते साडेपाचशे किलोमीटर. वेळ कमी असेल तर हाच. वाहतूक तुरळक, रस्ता सरळ, आणि वाळवंट हळूहळू उलगडत जातं. आधी एरंडाची आणि जिऱ्याची शेतं, मग बाभळी, मग नुसतं आभाळ. गांधवजवळ लुणी नदी ओलांडावी लागते. अरवलीत उगम पावणारी ही नदी बालोतऱ्याच्या पुढे खारट होते आणि समुद्राला न मिळता कच्छच्या रणात विरून जाते. त्याच भागात सट्टा-गांधव पट्ट्यात महामार्ग ९२५-अ वर हवाई दलाची विमानं उतरवण्यासाठी तीन किलोमीटरची धावपट्टी बनवली आहे. ९ सप्टेंबर २०२१ रोजी तिचं उद्घाटन झालं. सेल्फीसाठी तिथे गाडी उभी करू नका.

बाडमेर ते जैसलमेर साधारण दीडशे किलोमीटर. जैसलमेरच्या सतरा किलोमीटर अलीकडे आकल इथे दगड झालेल्या झाडांच्या खोडांचं जीवाश्म उद्यान आहे. बाडमेरला मुक्काम केलात तर जवळचं किराडूचं मंदिरही पाहून होतं. या मार्गाचा तोटा एवढाच, की सांचोरच्या पुढे चांगली हॉटेलं आणि कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं विरळ होत जातात. गाडी जुनी असेल तर विचार करून जा.

*जोधपूरमार्गे.* पालनपूर, अंबाजीचा फाटा सोडून अबू रोड, पिंडवाडा, मग महामार्ग ६२ ने सिरोही, पाली, जोधपूर. तिथून महामार्ग १२५ ने बालेसर, देचू करत पोकरण आणि पुढे ११ नंबरने जैसलमेर. जोधपूर ते जैसलमेर सुमारे २८० किलोमीटर. बाडमेरच्या वाटेपेक्षा हा मार्ग लांब आहे, पण गाडीच्या काळजीने बघितलं तर सर्वांत भरवशाचा: मोठी शहरं, टायरची दुकानं, दवाखाने, सगळं अंतरा-अंतरावर. पालीजवळ ओम बन्नांचं स्थान रस्त्यालाच लागतं, तिथे बुलेट मोटरसायकलची पूजा होते. ट्रकवाले थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत.

जोधपूरहून थोडा वळसा घेण्याइतका वेळ असेल तर ओसियां-फलोदीवरून पोकरण गाठा. ओसियांची जुनी मंदिरं सुंदर आहेत आणि फलोदीजवळच्या खीचन गावात थंडीत हजारो कांड्या करकोचे दाण्याला उतरतात. पक्षी पाहायचे तर सकाळी लवकर पोचावं लागतं, म्हणजे मुक्काम फलोदीलाच.

*उदयपूरमार्गे.* महामार्ग ४८ न सोडता हिंमतनगर, शामळाजी, रतनपूर नाका, खेरवाडा, उदयपूर. पुढे गोगुंदा, राणकपूर, पाली, जोधपूर. हा खरं तर वाळवंटाचा मार्ग नव्हे, अरवलीचा आहे. जाताना नको, कारण वळणांत वेळ जातो आणि वाळवंटासाठी राखलेला दिवस कापला जातो. परतताना मात्र हाच घ्या. वाळूतून बाहेर पडल्यावर तलाव आणि डोंगर डोळ्यांना बरे वाटतात.

*कच्छमार्गे.* विरमगाम, हळवद, सामखियाळी, भचाऊ, भुज. सुमारे ३३० किलोमीटर, बहुतेक सगळा चौपदरी किंवा त्याहून रुंद. भुजहून खावड्याच्या बाजूने धोळावीऱ्याला जाणारा रस्ता तीसेक किलोमीटर सरळ रणातून जातो. दोन्हीकडे पाणी किंवा मीठ, मधोमध डांबराची पट्टी. धोळावीरा हे हडप्पाकालीन शहर २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथून रापर, आडेसर, सांतलपूर, राधनपूर, थराद करत सांचोर गाठता येतं. दोन्ही वाळवंटं जोडणारी वाट हीच. धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. तो ऑनलाइन किंवा वाटेवर भिरंडियाराला मिळतो, ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा.

आता नवा अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्ग. सांतलपूर, सांचोरकडून बाडमेर आणि जोधपूर जिल्ह्यांतून तो बिकानेरच्या पुढे हनुमानगढकडे जातो. राजस्थानातल्या पाचशे किलोमीटरहून लांब टप्प्याचं ८ जुलै २०२३ रोजी लोकार्पण झालं. बिकानेर करायचं असेल तर याच्यासारखी सोय नाही. पण याला वाळवंट बघण्याचा रस्ता समजू नका. कुंपणाच्या आत, जमिनीपासून उंच, गावं दूर ठेवून तो जातो, आणि पेट्रोल, पंक्चर, जेवण या सोयी जुन्या महामार्गांइतक्या दाट नाहीत. अंतर तोडायचं असेल तेव्हा द्रुतगती, वाळवंट बघायचं असेल तेव्हा दुपदरी जुना रस्ता. दोन्ही एकाच दिवशी मिळत नाही.

मधला टप्पा: पुणे ते अहमदाबाद

इथे निवड फारशी नाही. पनवेल, ठाणे, घोडबंदर, वसईचा फाउंटन, मनोर, वापी, सुरत, भरूच, वडोदरा. सगळं महामार्ग ४८ च्या ओळीत. गंमत म्हणजे कोल्हापूरला धरलेला हा नंबर उदयपूरपर्यंत आणि पुढे दिल्लीपर्यंत तोच राहतो.

घोडबंदर रस्ता सकाळी सातच्या आत पार करा, नाहीतर अर्धा दिवस गेला असं समजा. त्यासाठी आदला मुक्काम तळेगाव-लोणावळ्याच्या पट्ट्यात हवा, पुणे शहरात नको. मुंबईची कटकटच नको असणारे नाशिक-वणी-सापुतारा-वघई-चिखली असे जातात. रस्ता देखणा आहे, पण घाटाचा. दोन चालक असतील तरच. वडोदरा ते अहमदाबाद ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग घ्या, जुना रस्ता घेण्याचं कारण नाही. मोटरसायकलवाल्यांना मात्र पुणे-मुंबई आणि हा, दोन्ही द्रुतगती मार्ग बंद आहेत.

गुजरातच्या महामार्गावर उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर आणि दुचाक्या धरूनच चाला. सर्वांत डावी आणि सर्वांत उजवी, दोन्ही लेन त्यांच्याच आहेत असं समजून मधली धरली की बरं जातं.

गोव्यातून बाहेर: ६६ की घाट

महामार्ग ६६ ने पात्रादेवी, सावंतवाडी, चिपळूण, पनवेल असं गेलं तर नकाशावर थोडं जवळ पडतं आणि मध्ये पुणं येत नाही. सिंधुदुर्गातला टप्पा खरंच छान झाला आहे. गोची पुढे आहे, संगमेश्वरच्या पट्ट्यात आणि माणगाव-इंदापूरच्या बाजारपेठांत. चौपदरीकरण एक तपाहून जास्त काळ रेंगाळलंय. कोकणात पाहुणे असतील, वाटेत मुक्काम असेल, तर जरूर जा. नुसतं पनवेल गाठायचं असेल तर मी घाट चढून जाईन.

पेडणे, बार्देशवाल्यांनी बांद्याहून आंबोली घाट चढून आजरामार्गे संकेश्वरला महामार्ग ४८ धरावा. डिचोली, सत्तरी, तिसवाडीकरांना साखळी-केरीहून चोर्ला घाट सोयीचा. कर्नाटकाच्या बाजूला रस्त्याची अवस्था वर्षागणिक बदलते, निघण्याआधी बेळगावला रोज जा-ये करणाऱ्या एखाद्या भाजीच्या टेम्पोवाल्याला विचारा, त्याच्याइतकी ताजी खबर नकाशाकडेही नसते. सासष्टी, सांगे, धारबांदोड्याकडून मोले-अनमोड-खानापूर. तिन्ही घाट पहाटेच्या धुक्यात सावकाश चढावे लागतात, हिवाळ्यातसुद्धा.

कोल्हापूर-सातारा टप्प्यात रुंदीकरणामुळे वळणरस्ते आहेत. पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे गाडी न्यूट्रल न करता खालच्या गिअरवर, ट्रकांपासून लांब राहून उतरा.

मुक्काम असे बांधा

दिवसाला साडेचारशे ते पाचशे किलोमीटरची मर्यादा ठेवली तर पहिला मुक्काम तळेगाव, दुसरा भरूच किंवा वडोदरा, तिसरा पालनपूर किंवा डीसा. पालनपूर ते जैसलमेर सुमारे चारशे किलोमीटर उरतात. उजाडताना निघून, मध्ये बाडमेरला जेवून, सूर्य डोक्यावरून कलल्यावर पण मावळण्याआधी तुम्ही जैसलमेरचा किल्ला बघता. तिसऱ्या दिवशी अहमदाबादेलाच थांबलात तर चौथ्या दिवशी शेवटचा तास-दीड तास अंधारात जातो. म्हणून म्हटलं, शेवटाकडून मोजा.

अंधाराचा एवढा बाऊ का? उंटामुळे. उंटाचा रंग कडेच्या वाळूचाच, आणि त्याचे डोळे आपल्या दिव्यांच्या झोतापेक्षा वर, त्यामुळे गाय-म्हशीचे चमकतात तसे ते चमकत नाहीत. धडक पायांना बसते आणि आख्खं धूड समोरच्या काचेवर येतं. नीलगाय आणि चिंकाराही संध्याकाळी रस्ता ओलांडतात. बिश्नोई गावांच्या आसपास तर हरणं निर्धास्त असतात, कारण तिथले लोक त्यांना जिवापाड जपतात.

गाडीची तयारी

गोव्यातली गाडी बहुधा रोज दहा-वीस किलोमीटर फिरणारी. तिला सलग आठ तास पळण्याची सवय नसते. कूलंट, पंख्याचा पट्टा, बॅटरी आणि टायर, ही चार कामं निघण्याच्या पंधरा दिवस आधी करा, आदल्या दिवशी नाही, म्हणजे काही बिघडलं तर घरीच कळतं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांहून जुना टायर नक्षी चांगली दिसत असली तरी तापलेल्या रस्त्यावर नेऊ नका. स्टेपनीचंही वर्ष बघा. हवा सकाळी टायर थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढीच भरा. दुपारी तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा काढायची नाही.

खाणपट्ट्यात ट्रकांमागे धूळ खाल्लेली गाडी असेल तर एअर फिल्टर नवा बसवा. बारा व्होल्टचा हवेचा पंप, ओढायचा पट्टा, छोटं फावडं, आणि माणशी रोजचं चार-पाच लिटर पाणी. इतकं पुरे. छपरावर जेरीकॅन बांधून फिरण्याची गरज नाही, टाकी अर्धी झाली की भरायची एवढा नेम पाळा. गोवा आणि गुजरातेत पेट्रोल स्वस्त, महाराष्ट्र आणि राजस्थानात महाग, म्हणून पात्रादेवीच्या अलीकडे एकदा आणि राजस्थानच्या हद्दीआधी एकदा पूर्ण भरा. जैसलमेरहून तनोट-लोंगेवालाला जाताना रामगढला भरून घ्या.

रस्त्यावर वाळूची जीभ आलेली दिसली तर तिच्या आधीच वेग उतरवा. वाळूवर चढल्यावर ना ब्रेक, ना स्टीअरिंग. साधी गाडी डांबर सोडून वाळूत घालूच नका. फोटोसाठी कडेला घेताना चाकं रुततात, ते याच हौसेने. रुतली तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, त्याने ती पोटापर्यंत खाली जाते. उतरा, चाकांपुढची वाळू काढा, टायरची हवा वीसेक पीएसआयपर्यंत कमी करा, पायपुसणी चाकांखाली सरकवा आणि आल्या वाटेने मागे या. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा पूर्ण भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही.

वावटळ उठली, समोरचं दिसेनासं झालं, तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, टणक जमिनीवर घ्या, दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा ट्रकवाला तुम्हीच रस्ता आहात असं समजून मागोमाग येतो.

कागदपत्रं, आणि डिकीतली बाटली

गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आणि गोव्याची पाटी बघून नाक्यावरचा पोलिस हमखास डिकी उघडायला लावतो. राजस्थानातल्या मित्राला फेणी न्यावी असं वाटतं, पण वाटेत गुजरात आहे. गुजरात टाळून धुळे-इंदूर-चित्तोडगढ असं जाता येतं, पण तो फेरा दोन-तीनशे किलोमीटरने लांब आहे आणि एका बाटलीसाठी तो घेणं वेडेपणा. बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क खातंही तपासतंच. काजूगर न्या. मित्र तेवढाच खूश होतो.

घरातल्या कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड असेल, आणि आपल्याकडे ते बऱ्याच घरांत असतं, तर कायद्याच्या नजरेत ती व्यक्ती परदेशी आहे. जैसलमेर-बाडमेरच्या पश्चिमेचा सीमाभाग परदेशी नागरिकांना परवानगीशिवाय खुला नाही. आधीच चौकशी करा. तनोटच्या पुढे सीमेच्या खांबापर्यंत जायला तर भारतीयांनाही परवानगी घ्यावी लागते.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला. तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते. अशा एका सहलीतच बराचसा पैसा वसूल होतो. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग राज्याचा असल्याने तिथे वेगळा टोल कापला जातो, म्हणून टॅगमध्ये शिल्लक ठेवा. रस्त्यात अडचण आली तर राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, बाकी कशासाठीही ११२. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या, कारण सीमेकडे नेटवर्क जातं.

कच्छ करून परतणार असाल तर भुज किंवा अहमदाबाद सोडण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घ्या. रणातलं मीठ चासीच्या सांध्यांत बसतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत तिथूनच गंज धरतो. थरहून आलेल्या गाडीचं मुख्य काम एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर साफ करण्याचं. ते घरी आल्यावर केलं तरी चालतं.